सर्वांत देखण्या फळाचं बी

बीजदर्शी आमच्या घरात आलं ते मला न विचारता. गौतमी, माझी मुलगी, पुण्याहून येताना ते पिशवीत घालून घेऊन आली आणि तिने ते थेट माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवलं. आकाराने ते पोळ्यांच्या डब्याएवढं. वर बी ठेवायला छोटी वाटी, पुढे तळहाताएवढा पडदा.

“हे इथून उचल,” मी म्हणाले. “मला अजून सहा ब्लाऊजना हुक लावायचेत.”

“आई, सगळीकडे आहे हे आता. कृषी केंद्रात आहे, शाळेत आहे. तुमच्या बियांच्या ग्रुपमध्ये तुझ्याशिवाय कोणी उरलंय का न वापरणारं?”

नव्हतं उरलं, हे खरं. २०४१ सालच्या त्या जानेवारीत सगळ्या फलटणमध्ये न बघता बी पेरणारी बहुधा मी एकटीच होते. पूर्वी आमच्या बी-बदलाच्या बैठकीत कोणी पुडी पुढे केली की बायका विचारायच्या, चव कशी आहे, ऊन सोसतं का, किती दिवसांत फळ धरतं. आता पुडी हातात पडली की आधी एक बी वाटीत. पडद्यावर फळाचं चित्र येतं. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर पुडी गोड हसून परत. फोटोवरून मुली नाकारणारी स्थळं मी लहानपणी पाहिली होती, त्यांची मला आठवण यायची.

मी पस्तीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. दारातून बाई आत आली की टेप न लावता तिचं माप सांगायचे आणि ते अर्ध्या इंचानेही चुकत नसे. माझ्या गच्चीवरच्या टोमॅटोंबद्दल मला एका डब्याने शिकवावं हे मला मान्य नव्हतं.

टोमॅटो माझ्याकडे नाना आकारांचे होतात. मिरचीसारखे लांब, काळजाच्या आकाराचे, वांग्यासारखे खाली जड. पण माझा जीव आहे तो बटव्यावर. देठापाशी दोरी ओढल्यासारख्या चुण्या, खाली गोल फुगलेला, आतून जवळजवळ पोकळ. वरची टोपी कापायची, दाण्याच्या कुटाचं सारण भरायचं, टोपी परत ठेवायची आणि भरल्या वांग्यांसारखा शिजवायचा. हे नाव मीच दिलं. आयुष्यभर मापात चुण्या घालणाऱ्या बाईला फळाने आपण होऊन घातलेल्या चुण्या दिसल्या, तर दुसरं काय सुचणार?

आणि ह्या बटव्यासाठीच मी त्या डब्याला घरात राहू दिलं. माझं वय सदुसष्ट. गच्चीच्या बावीस पायऱ्या चढताना आता मी तीनदा थांबते. टोमॅटोचं बी घरात फार तर आठ-दहा वर्षं टिकतं, मग ते पुन्हा पेरावंच लागतं. गौतमी पुण्याच्या वारसा बीज कोठीत शास्त्रज्ञ आहे खरी, पण तिच्या बाल्कनीतली तुळस दर उन्हाळ्यात नवी आणावी लागते. म्हणजे माझे गुडघे थांबले की बटवाही थांबणार. कोठीने तो स्वीकारला तर मात्र उणे अठरा अंशांत शंभर वर्षं राहील, आणि जो मागेल त्याला दहा बिया मिळतील. अट एकच होती. शंभर बिया द्यायच्या, त्यातल्या पंच्याण्णव तरी बटव्याच्या निघाल्या पाहिजेत. मुदत एकतीस जानेवारी.

“माझ्या शंभरातल्या शंभर निघतील,” मी म्हणाले.

गौतमीने पहिली बी वाटीत टाकली.

*

यंत्र काय करतं ते तिने मला माझ्याच भाषेत समजावलं, म्हणून ते माझ्या डोक्यात शिरलं. सहा कळ्यांचा परकर असतो, आठ कळ्यांचा असतो, तसं टोमॅटोच्या पोटातही कप्पे असतात. साध्या गोल टोमॅटोत दोन-तीन, बटव्यात नऊ-दहा. कळ्या वाढल्या की घेर वाढतो आणि वर चुण्या पडतात. फूल अजून टाचणीच्या टोकाएवढं असतं तेव्हाच हे ठरून जातं. दोन जनुकं कळ्यांची संख्या ठरवतात, एक जनुक फळाला लांब ओढतं आणि एक मान काढतं, सुरईसारखी. ह्या चौघांचा हिशोब लागला की कापडाचं बेतणं झालं, पुढे फक्त शिवण.

यंत्र बियाच्या कडेची केसाच्या टोकाएवढी खपली काढतं. वरच्या सालीवर भागत नाही, कारण साल ही आईची असते. साल ओलांडून आतल्या गराला हात घालावा लागतो, कारण गरात आई-बाप दोघंही असतात. कोंबाला धक्का लागत नाही. त्या खपलीतली ही चार जनुकं आणि त्यांना मदत करणारी पन्नासेक वाचून अर्ध्या मिनिटात पडद्यावर फळ येतं.

पहिलं फळ आलं, बटवा. दुसरं, बटवा. मी हुक लावायला सुरुवात केली. पाचवं फळ आलं तेव्हा गौतमीने “हं” केलं. पडद्यावर अंड्यासारखा गुळगुळीत टोमॅटो होता, बाजारात ढिगाने मिळतो तसा.

संध्याकाळपर्यंत दोनशे बिया झाल्या. एकशे सदतीस बटव्याच्या. त्रेसष्ट त्या अंड्याच्या.

“संकर झालाय,” गौतमी म्हणाली. “ह्या त्रेसष्टांना बाप दुसराच आहे. पण तुझं काही अडत नाही. यंत्राने वेगळ्या काढल्याच आहेत. ह्या एकशे सदतीसमधल्या शंभर पाठवू, काम झालं.”

मला काम झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण ते अंडं मी ओळखत होते. दर वर्षी माझ्या वीस रोपांतली पाच-सहा तशीच निघायची. ऊन जास्त झालं की आकार बिघडतो, अशी मी माझी समजूत घातली होती. पहिलं फळ साधं दिसलं की ते झाड मी सकाळी कोणी गच्चीवर यायच्या आत उपटून टाकायचे. हे मी गौतमीलाही कधी सांगितलं नव्हतं.

“पण बाप येणार कुठून?” मी विचारलं. “टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतःच फळतं, तूच सांगितलं होतंस.”

“साधं फूल, हो. त्यात पुंकेसरांची नळी असते आणि स्त्रीकेसर तिच्या आत झाकलेलं असतं. बाहेरचा पराग आत जायला वावच नाही. पण तुझ्या बटव्याला पहिलं फूल कसं येतं?”

“जोडफूल येतं. दोन-तीन फुलं एकत्र चिकटल्यासारखं. चांगलं सूर्यफुलाच्या पिल्लाएवढं.”

“त्याची नळी फाटलेली असते. स्त्रीकेसर बाहेर उघडं. भुंगा आला की त्याच्या अंगावरचा पराग आधी त्यालाच लागतो. आता सांग, बी कुठल्या फळाचं धरतेस तू?”

मी हातातला ब्लाऊज खाली ठेवला. बी धरायचं ते सर्वांत देखण्या फळाचं, हा माझा नेम. आणि सर्वांत देखणं, सर्वांत जास्त चुण्यांचं फळ दर वर्षी त्या जोडफुलाचंच असतं. बटव्याचं सर्वांत चोख बी नंतरच्या साध्या फुलांच्या बटव्यांत होतं, ती मी भरून खात होते. पंधरा वर्षं मी नेमकं चुकीचं फळ निवडून त्याच्या बियांच्या पुड्यांवर नाव लिहीत होते.

“गौतमी,” मी म्हणाले, “कपाटातला बिस्किटांचा डबा आण. चौतीस सालची पुडी काढ.”

*

आता रेहानाबद्दल सांगायला हवं. रेहाना तांबोळी आमची शेजारीण, मधली भिंत एकच. तिचा नवरा इस्माईलभाई दुबईच्या भाजी मंडईत मुकादम होता. तिथल्या एका ट्युनिसच्या म्हाताऱ्याने त्याला रुमालात बांधून हे बी दिलं होतं. इस्माईलभाई परत आला, एक हंगाम त्याने ते लावलं आणि दुसऱ्या वर्षी वारला. रेहानाने त्यातल्या दहा बिया मला दिल्या. आमच्या गल्लीत रीत आहे, घेतलेलं बी दुप्पट करून परत करायचं. वर्षाने मी तिला वीस दिल्या, आणि मग आमची गच्ची ते गच्ची मैत्री अशी जमली की भांड्यांची अदलाबदल कोणी लक्षातही ठेवत नसे. तिच्या गच्चीवर सुरईसारख्या लांब मानेचे पिवळे टोमॅटो असायचे, माझ्याकडे बटवे.

चौतीस साली तिच्या बियांच्या डब्यात पाणी शिरलं आणि बटव्याचं सगळं बी बुरसलं. नवऱ्याच्या हातचं होतं ते. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, बटव्याचं बी दे. मी सर्वांत देखण्या फळाच्या वीस बिया मोजून दिल्या. तिने चार कुंड्यांत चार रोपं लावली आणि चारही अंडी निघाली.

ती विचारायला आली तेव्हा माझ्या शिलाईच्या चार गिऱ्हाइकणी समोर बसल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, “उज्ज्वला, बी बदललं का गं चुकून?” आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, “माझ्या बियांत एकही कधी चुकत नाही. तुझ्याच हाताने काहीतरी झालं असेल.” त्याच सकाळी मी माझी दोन झाडं उपटून टाकली होती.

तिला वाटलं, बटवा फक्त माझ्याकडेच राहावा म्हणून मी मुद्दाम खोटं बी दिलं. तिने तिच्या गच्चीच्या माझ्या बाजूला हिरवी जाळी लावली. सात वर्षं आम्ही एका भिंतीला दोन्हीकडून कपडे वाळत घालत होतो आणि बोलत नव्हतो.

चौतीसच्या पुडीत चोवीस बिया उरल्या होत्या. यंत्रात घातल्या. एकवीस अंडी.

“आणि बापाकडून मानेचं जनुक आलंय,” गौतमी पडद्याकडे बघत म्हणाली. “एकच प्रत आहे म्हणून दबलंय, फळात दिसत नाही. सुरईच्या आकाराचं कोण लावतं आपल्याकडे?”

मी भिंतीकडे बोट दाखवलं. रेहानाला मी दिलेलं खोटं बी तिच्याच सुरईचं पोर होतं.

*

दोन दिवस मी नुसते हुक लावत बसले. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती. गौतमीने शंभर बिया मोजून काचेच्या नळीत भरल्या, अर्ज उघडला. वाणाचं नाव, बटवा. सांभाळणारी व्यक्ती, उज्ज्वला हेंद्रे, फलटण. पुढे रकाना होता, बी मुळात कोणाकडून मिळालं आणि त्यांची सही.

“इथे ‘अज्ञात’ लिहिलं तरी चालतं,” गौतमी म्हणाली. “निम्म्या वाणांचं तसंच असतं. तू म्हणशील तसं.”

किती सोपं होतं. एक शब्द लिहिला असता तर नाव माझं, बटवा सुरक्षित, आणि गुडघ्यांना तांबोळ्यांचा जिना चढायचं कारण उरलं नसतं. मी लेखणी हातात घेतली आणि ‘अ’ काढलासुद्धा. मग मला रुमालात बांधलेलं ते बी आठवलं, आणि इस्माईलभाई कुंडीपाशी उकिडवा बसून माती चाळायचा ते आठवलं. तो अज्ञात नव्हता. मी ‘अ’ खोडला आणि चपला घातल्या.

रेहानाच्या सुनेने दार उघडलं आणि बघतच राहिली. “अम्मी वर आहेत,” ती म्हणाली.

वर जायला सव्वीस पायऱ्या. मी चारदा थांबले.

रेहाना कुंडीतलं तण काढत बसली होती. मला बघून उठली नाही. “उज्ज्वलाताई,” ती म्हणाली. “या. बसा.” आयुष्यभर जिने मला ‘ए उज्ज्वला’ म्हटलं तिच्या तोंडून ‘ताई’ आणि ‘बसा’ आलं. मी पालथ्या बादलीवर बसले.

“तुझं बरोबर होतं,” मी म्हणाले. “बी खोटंच होतं. माझ्याकडेही दर वर्षी तशी निघायची आणि मी उपटून टाकायचे. मला माहीत असून मी चारचौघींत तुझा हात वाईट ठरवला. हे सांगायला आले.”

मग मी जोडफुलाचं, भुंग्याचं आणि सुरईचं सगळं सांगितलं. ती तण उपटत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे बाप आमच्याकडचा?”

“तुमच्याकडचा.”

“जाळी लावायच्या आधीच आला-गेला म्हणायचा.”

“जाळी लावल्यावरही येतोय. यंदा त्रेसष्ट.”

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने हाताची माती झटकली आणि मला म्हणाली, “ऊठ. इकडे ये, दाखवते.”

जाळीच्या आडोशाला, माझ्या गच्चीवरून जे कधीच दिसलं नसतं तिथे, आठ कुंड्या एका रांगेत होत्या. फळं नारिंगी होती. वर सुरईसारखी मान आणि खाली पूर्ण घेर, आणि मानेपासून खालपर्यंत चुण्याच चुण्या. मी उभ्या आयुष्यात इतकी सुरेख बेतलेली वस्तू पाहिली नव्हती. हात लावायचाही मला धीर होईना.

“हे काय?”

“तुझं खोटं बी,” रेहाना म्हणाली. “फेकणार होते. पण तुझ्या घरून आलेलं, फेकवेना. अंडी तर अंडी, म्हणून त्यांचं बी धरलं. दुसऱ्या वर्षी एकेक झाड वेगळंच. कुठे मान, कुठे नुसत्या चुण्या. तिसऱ्या वर्षी एकाच झाडाला असं आलं. मग दर वर्षी ह्याचंच धरत गेले. आता आठाच्या आठ एकसारखी निघतात.”

गौतमीने नंतर मला समजावलं की दबलेली जनुकं दुसऱ्या पिढीत अशी नव्याने जोडीला बसतात, आणि सहा-सात पिढ्या निवड केली की वाण स्थिर होतो, त्यासाठी शास्त्रज्ञांना प्रयोगशाळा लागते. रेहानाला आठ कुंड्या आणि माझ्यावरचा राग पुरला होता.

“नाव काय ठेवलंस?” मी विचारलं.

तिने नजर वळवली. “अबोला.”

मी हसायला लागले आणि मला रडूही आलं, दोन्ही एकदम. ती पुढे येऊन माझ्याशेजारी दुसऱ्या बादलीवर बसली. खालून तिच्या सुनेने चहाला हाक मारली तेव्हा रेहाना म्हणाली, “तू ते गुडघ्यांना तेल लावतेस का नाही? जिन्यात तुझे श्वास ऐकू येत होते मला.”

*

एकतीस जानेवारीला दोन अर्ज गेले. बटव्याच्या अर्जात मूळ रकान्यात इस्माईल तांबोळी आणि सही रेहानाची. दुसरा अर्ज अबोल्याचा. सांभाळणारी व्यक्ती रेहाना तांबोळी, आणि मूळ रकान्यात तिने माझं नाव लिहायला लावलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, “चूक तुझी, तर नाव नको का तुझं?” गौतमीने अबोल्याच्या शंभर बिया यंत्रात घातल्या, नव्व्याण्णव निघाल्या.

पुढच्या हंगामासाठी मी मलमलीच्या दीडशे पिशव्या शिवल्या, वर दोरी ओढायच्या, बोटभर उंचीच्या. जोडफूल उमलायच्या आधी कळीवर चढवायची आणि दोरी ओढून घ्यायची, म्हणजे भुंगा बाहेर. बटव्याला बटवा, असं रेहाना म्हणते. एका झाडाला मात्र आम्ही ठरवून पिशवी घालत नाही. जाळी तिने काढली. माझ्या कुंड्या आता तिच्या सुनेने खाली अंगणात आणून दिल्यात, त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्न मिटला आहे.

हे सगळं झालं, पण त्या पहिल्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. चहा पिऊन मी निघाले तेव्हा रेहानाने फडताळातून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. वर्तमानपत्राच्या कागदाची, दोऱ्याने बांधलेली. वर तिच्या अक्षरात ‘उज्ज्वला, ४०’ आणि खाली त्याच महिन्याची तारीख.

“वीस घेतल्या होत्या ना तुझ्याकडून,” ती म्हणाली. “दुप्पट द्यायच्या राहिल्या होत्या.”

“आज मोजल्यास?”

“नाही गं. पहिल्या वर्षी बांधून ठेवली. बी जुनं होतं ना, म्हणून दर वर्षी जुनं काढून नवं भरते. ही यंदाची.”

घरी आल्यावर गौतमीने पुडीतली एक बी उचलली आणि यंत्राकडे बघून मला विचारलं, “बघू का, काय येईल ते?” मी नको म्हटलं आणि बी परत पुडीत टाकायला लावली. सात वर्षं रेहाना दर जानेवारीला माझ्या नावाच्या चाळीस बिया मोजत होती, आणि मी येईन हे तिला कुठल्याही पडद्यावर दिसलं नव्हतं.